यमूआत्याचा सत्कार

आमच्या घरात गणित चुलीपाशी चालायचं. यमूआत्या, म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, नागपूरला एम.ए. करत होती. सुट्टीत बऱ्हाणपूरला आली की ती आईच्या हाताखाली भाकरी थापायला बसायची, थापता थापता मध्येच तिचा हात थांबायचा, चुलीच्या कडेचा विझलेला कोळसा ती उचलायची आणि सारवलेल्या जमिनीवर भराभर काहीतरी लिहीत सुटायची. मी शेजारी भाजी निवडत बसलेली असायचे, त्यातलं मला ओ की ठो कळायचं नाही. तव्यावरून धूर निघाला की आई ओरडायची, "ओ बाई, भाकर जयली पाह्य! तुह्या गनितानं पोट भरनार हाये का?" आईचं माहेर रावेरकडचं, केळीच्या बागांमधलं. तिच्या बोलण्यात जळलेली भाकर 'जयायची' आणि केळी 'केयी' व्हायची. माझे वडील, अण्णा, शाळेचे हेडमास्तर, मराठीच्या शुद्धतेचे कडक पुरस्कर्ते. पण बायकोपुढे शुद्धता चालत नाही हे त्यांनी लग्नानंतर लवकरच ओळखलं असावं, कारण मी त्यांना आईची चूक काढताना कधी ऐकलं नाही. आईला भाकरीचा राग यायचा, पण दुसऱ्या दिवशी जमीन सारवताना ती आत्याने लिहिलेला तेवढा तुकडा मात्र तसाच सोडायची. विचारलं तर म्हणायची, "ऱ्हाऊ दे बाप्पा, अर्धवट दिसते अजून."

आमच्या घरामागे विणकरांची वस्ती होती. पहाटेपासून मागांचा खटक-खटक आवाज सुरू व्हायचा, तो इतका अंगवळणी पडला होता की शुक्रवारी दुपारी माग थांबले की आम्हालाच काहीतरी चुकल्यासारखं व्हायचं. गिरणीचा भोंगा, मशिदीची बांग, गल्लीतल्या गुजराती काकींचं भजन आणि अण्णांचं मोठ्याने वर्तमानपत्र वाचणं, असा सगळा कालवा एकाच वेळी चालायचा. वर्तमानपत्रात तेव्हा रोज नवं काही असायचं. अमुक संस्थान विलीन झालं, तमुक राजाने सही केली, आपला प्रांत कुठे जोडणार, आपली राजधानी कोणती. नागपूर आमची राजधानी होती आणि ती पुढे राहणार नाही अशी कुजबुज सुरू झाली होती. आम्ही मुलं मात्र घरात मराठी, दारात हिंदी आणि मागच्या गल्लीत गेलो की उर्दूचे दोन शब्द मिसळून बोलत होतो, आणि आपण कुठे जोडले जाणार याची आम्हाला तिळमात्र चिंता नव्हती. आज माझी नातसून मला विचारते, "आजी, तुम्ही मग एम.पी.चे की महाराष्ट्राचे?" मी तिला सांगते, आम्ही तापीचे. तिला वाटतं म्हातारी चेष्टा करतेय.

त्या दिवसांत लालबागेकडे, स्टेशनपलीकडच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये सिंधी माणसं येऊन राहिली होती. फाळणीत घरंदारं मागे टाकून आलेली. गावाने त्यांना 'निर्वासित' असं नाव दिलं आणि तेवढ्यावर आपलं कर्तव्य संपलं असं मानलं. नाही म्हणायला सुरुवातीला कुणी धान्य दिलं, कुणी जुनी धोतरं दिली. पण ही माणसं महिन्याभरात बाजारात पापड आणि कापडाचे तुकडे विकू लागली, आणि आमच्यापेक्षा स्वस्त विकू लागली, तेव्हा पुष्कळांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. यमूआत्या आधी तिथे गेली ती मुलांना शिकवायला. सुट्टीत तिला रिकामं बसवत नसे. मला ती बरोबर न्यायची. शेडमध्ये गोणपाटाचे पडदे लावून एकेका कुटुंबाची खोली केलेली होती, आणि पहिल्याच पडद्यामागे चेतीअम्मा राहायची. चेतीअम्मा म्हणजे उंच, हाडकुळी म्हातारी, डोळ्यांत मोतीबिंदू, डोक्यावर पांढरी ओढणी. तिचा मुलगा वाटेत कुठे हरवला ते तिला माहीत नव्हतं, जवळ फक्त सून आणि लहानगा नातू. ती आत्याला "धीअ" म्हणायची आणि नातवाला "पुट". त्यांच्या भाषेत धीअ म्हणजे मुलगी, पुट म्हणजे मुलगा. आत्याने तिच्याकडून सिंधी शिकायला घेतलं आणि तिला मराठी शिकवायचा प्रयत्न केला. त्यात आत्या पास झाली, अम्मा नापास.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्या शेडमध्ये पटकी आली. आज कॉलरा म्हटलं तर मुलं मोबाइलवर शोधून दोन ओळी वाचतात आणि पुढे जातात. आम्ही मात्र पटकी हा शब्दसुद्धा हळू आवाजात बोलायचो. सरकारी डॉक्टर आले, विहीर बघितली, पाणी उकळून प्या म्हणाले आणि निघून गेले. पण उकळायचं कशात? त्या माणसांकडे तांबे-पेले होते, फार तर एखादं पातेलं. आत्या त्या दिवशी घरी आली, चुलीपाशी बसली, कोळशाने हिशेब केला आणि उठून थेट मागच्या गल्लीत गफूरचाचांकडे गेली. गफूरचाचा रंगारी. सूत रंगवायच्या त्यांच्या तांब्याच्या कढया एवढ्या मोठ्या होत्या की लहानपणी लपाछपीत आम्ही त्यात लपायचो आणि निळे होऊन बाहेर यायचो. आत्याने त्यांना सगळं सांगितलं. चाचांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. त्यांच्या घरच्या बायकांनी त्या कढया चिंच आणि राख लावून, तळ दिसेपर्यंत घासल्या, आणि चाचा स्वतः बैलगाडीत घालून त्या लालबागेला घेऊन आले.

तिथे अडलं. पाणी उकळलं, निवलं, कापडातून गाळलं, पण घ्यायला कुणी पुढे येईना. एका म्हाताऱ्याने तोंड फिरवलं आणि म्हणाला, "इनके बर्तन का पानी हम नहीं पिएँगे. सब कुछ छोड़ के आए, अब ये भी छोड़ दें?" त्या माणसाने काय पाहिलं होतं ते तोच जाणे, त्याला हसायचा अधिकार मला आहे असं आजही वाटत नाही. गफूरचाचा गाडीपाशी उभे होते. ते बैलाच्या मानेवरून हात फिरवत राहिले. मला वाटलं आता आत्या भाषण देणार. नागपूरला राहून आलेली, वादविवादात बक्षिसं मिळवलेली. पण तिने लोटा भरला, सगळ्यांसमोर घटाघटा प्यायली आणि दुसरा भरून चेतीअम्मापुढे धरला. म्हणाली, "अम्मा, मैं मर गई तो तू मत पीना." आत नातू ओठ सुकून पडला होता. अम्माने लोटा घेतला. त्यानंतर त्या कढया सबंध उन्हाळाभर दिवसरात्र पेटत राहिल्या. आत्या लोकांच्या उलट्या उपसायची, फडकी उकळायची, पोरांना चमच्याने पाणी पाजायची. चेतीअम्माचा नातू वाचला, सून गेली. तिला अंघोळ घालायला जवळची दुसरी बाई नव्हती, म्हणून आत्याने आणि अम्माने मिळून तिला शेवटची अंघोळ घातली. मी तेव्हा गोणपाटाच्या पडद्याबाहेर उभी होते. इतकं मोठं माणूस इतक्या हलक्या हाताने वागू शकतं हे मी त्या दिवशी ऐकलं, पाहिलं नाही. आतून फक्त पाण्याचा आवाज येत होता आणि आत्या त्या गेलेल्या बाईशी हळूहळू बोलत होती.

घरी आईचा कायदा कडक. मागच्या दाराने यायचं, अंगणातच डोक्यावरून पाणी घ्यायचं, कपडे तिथेच भिजवायचे, मगच आत. "पुन्य करजो बाप्पा, मी नाही कोठी म्हनते? पन लेकरं हायेत घरात." पाणी मात्र तीच तापवून ठेवायची, आणि आत्या जेवायला बसली की तिच्या भाकरीवर लोण्याचा गोळा इतरांपेक्षा मोठा पडायचा. अण्णांचं वेगळं होतं. ते रागावले नाहीत, अडवलंही नाही. पण त्या विषयावर बोलायचे नाहीत. आमचे आजी-आजोबा लवकर गेले, तेव्हा यमूआत्या अगदी लहान. अण्णांनीच तिला बोट धरून शाळेत नेलं, तिच्या वेण्या घातल्या, नागपूरला पाठवताना साऱ्या भावकीची बोलणी खाल्ली. आता तिचं लग्न चांगल्या घरात करून दिलं की आपण सुटलो, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. आणि त्यांना पक्कं ठाऊक होतं, की रंगाऱ्याच्या कढईतलं पाणी प्यायलेली आणि परक्याचं प्रेत धुतलेली मुलगी लग्नाच्या बाजारात कुणी मागणार नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ते आईला म्हणायचे, आणि ती मूठ त्यांनी वर्षभर झाकून ठेवली.

पुढच्या उन्हाळ्यात तिचा निकाल लागला. गणितात ती सबंध विद्यापीठात पहिली आली, सोन्याचं पदक मिळालं, आणि तिच्या प्राध्यापकांनी तिला संशोधनासाठी तिथेच बोलावलं. अण्णांनी ती बातमी वर्तमानपत्रात वाचली आणि मध्येच खोकल्याचं निमित्त करून ते मागच्या अंगणात गेले. आईने गूळ घालून शिरा केला, गल्लीत वाटला. संध्याकाळी काशिनाथशेठ आमच्या दारात हजर. हे जरीच्या तारेचे व्यापारी आणि वाचनालयाचे अध्यक्ष, पोट मोठं आणि मनही. "हेडमास्तरसाहेब," ते म्हणाले, "आपल्या गावची लडकी अव्वल आली, म्हणजे गावाची इज्जत वाढली की नाही? तिचा सत्कार झालाच पाहिजे. जाहीर!"

इथे एक अडचण उभी राहिली, जी आज कुणाला खरी वाटणार नाही. आमच्या गावाने आजवर कीर्तनकारांचे, पहिलवानांचे, निवृत्त मामलेदारांचे सत्कार केले होते, पण लग्न न झालेल्या मुलीचा सत्कार कसा करतात हे कुणालाच माहीत नव्हतं. शाल पांघरायची, पण पांघरणार कोण? काशिनाथशेठांनी पांघरली तर लोक काय म्हणतील? हार गळ्यात घालायचा म्हणजे तर भलतंच. ओटी भरावी, तर कुमारिकेची ओटी कशी भरणार? आमच्या ओसरीवर चार-पाच भारदस्त माणसं पानाचा डबा मध्ये ठेवून दोन संध्याकाळी यावर खल करत होती. आत्या आतून ऐकत होती आणि तोंडात पदर कोंबून हसत होती. शेवटी ठरलं ते असं: शेठाणीबाईंनी कुंकू लावावं आणि शाल द्यावी, हार शेठजींनी द्यावा पण तो हातात, आणि श्रीफळ अण्णांनीच द्यावं, कारण भावाच्या हातून नारळ घ्यायला कुणाची हरकत असणार नाही. हा तोडगा काढल्यावर मंडळींनी असा सुस्कारा सोडला, जसा काही भारताचा नकाशाच पक्का झाला.

त्याच आठवड्यात खंडव्याहून निरोप आला. तिथले एक नामांकित वकील, सगळे त्यांना बापूसाहेब म्हणत, त्यांच्या मुलासाठी आत्याचा विचार करत होते. सुवर्णपदकाची सून त्यांना भूषणावह वाटत होती. सत्काराला ते येणार, मुलगी आणि गाव दोन्ही बघणार आणि रात्री आमच्याकडे जेवून बोलणी पक्की करणार. अण्णांनी काशिनाथशेठांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, की भाषणात विद्वत्तेबद्दल हवं तेवढं बोला, लालबागेचं काही काढू नका. शेठजी गोंधळले. "पण साहेब, तेच तर जास्त मोठं काम आहे ना?" अण्णा म्हणाले, "म्हणूनच."

आत्याने ते ऐकलं होतं. ती ओसरीवर आली, अण्णांसमोर उभी राहिली. "दादा, लग्नाला माझी ना नाही. माणसं बरी असतील तर खंडव्याहूनही नागपूरला जाता येतं. पण लपवून नको. उद्या कळलं तर मी त्या घरात चोरासारखी राहू का?" अण्णांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "यमू, जगाला सगळं सांगायचं नसतं. आई असती तर तिनेही हेच सांगितलं असतं." गेलेल्या आईचं नाव काढलं की आत्याचं काही चालत नसे. ती परत आत गेली. त्या दिवशी तिने जमिनीवर काही लिहिलं नाही. आणि मला कळलं, की हा सत्कार तिचा आहे खरा, पण ज्या कामात तिचा जीव होता त्याला त्यात जागा नाही. आणि खंडव्याच्या घरातही नसणार.

सत्काराच्या दिवशी सकाळपासून आई मांड्यांच्या मागे. चुलीवर पालथं खापर, आणि आई पुरण भरलेला मांडा हातांवर नाचवत कोपरापर्यंत वाढवायची आणि अलगद खापरावर टाकायची. सगळ्या गल्लीला वास. वर बाजारातून मावा-जिलबी आणलेली, कैरीचं पन्हं, शेवेची भाजी. संध्याकाळी वाचनालयाच्या आवारात मांडव घातला होता, गॅसच्या बत्त्या फुसफुसत होत्या. पहिल्या रांगेत बापूसाहेब, काळा कोट, सोन्याची साखळी, चेहरा प्रसन्न. मंचावर आत्या अंजिरी रंगाचं लुगडं नेसून बसली होती, आणि तिच्याकडे बघून मला वाटलं की हिच्याइतकं सुंदर आणि हिच्याइतकं अवघडलेलं माणूस आज गावात दुसरं नसेल. कुंकू लागलं, शाल आली, हार हातात आला. अण्णांनी नारळ दिला. काशिनाथशेठ बोलायला उभे राहिले. ते गणिताबद्दल बोलले, ज्यातलं त्यांना व्याजापलीकडे काही कळत नव्हतं, आणि दर दोन वाक्यांनी अडखळत होते. त्या अडखळण्याच्या जागी काय यायचं होतं ते मला माहीत होतं.

तेवढ्यात मागे, फाटकापाशी, गलबला झाला. लालबागेच्या बायका आल्या होत्या. चेतीअम्मा पुढे, तिच्या मागे आणखी आठ-दहा जणी. कुणी बोलावलं नव्हतं, पण बाजारात सत्काराची बातमी त्यांच्या कानावर गेली होती. त्या बसल्या नाहीत. उभ्या राहिल्या, डोळे मिटले, आणि प्रत्येकीने आपल्या ओढणीचं टोक दोन्ही हातांत पसरून समोर धरलं. ओठ पुटपुटत होते. आता आमच्याकडे पदर पसरणं म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. सभेत चुळबूळ सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "इथेही आल्या का मागायला?" शाळेचा शिपाई नामदेव, स्वभावाने भला माणूस, पानसुपारीनंतर वाटायला आणलेल्या केळ्यांच्या घडाशी उभा होता. सभेत तमाशा नको म्हणून तो लगबगीने गेला आणि चेतीअम्माच्या पसरलेल्या ओढणीत त्याने दोन केळी ठेवली. "घ्या माय, अन् निघा आता. सभा चालू हाये."

अम्माने डोळे उघडले. ओढणीत हाताने चाचपून पाहिलं. ती केळी आहेत हे कळल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरू शकत नाही. राग नव्हता. ज्या माणसाने खूप काही सोसलंय त्याला आणखी थोडं सोसायला लागावं, तसा थकवा होता. आणि तिने ओढणी खाली केली नाही. केळी तशीच धरून ती पुन्हा डोळे मिटून पुटपुटू लागली.

आत्या मंचावरून उठली. शेठजींचं वाक्य अर्धवट राहिलं. शाल खांद्यावरून घसरत होती, ती तिने सावरली नाही. माणसांच्या मधून वाट काढत ती चेतीअम्मापाशी गेली, ओढणीतली केळी उचलून नामदेवच्या हातात परत दिली आणि वळून म्हणाली, "काशिनाथशेठ, ह्या आपल्याकडे काही मागत नाहीयेत. माझ्यासाठी मागताहेत. यांच्यात एखाद्याचं भलं व्हावं वाटलं की असा पल्लव, म्हणजे पदर, पसरून आपल्या देवाकडे, लाल साईंकडे मागतात. आपण सत्कार करतो ना, तसा हा त्यांचा सत्कार आहे." मग ती अम्माच्या शेजारी उभी राहिली आणि तिने आपला पदर दोन्ही हातांत पसरला. अंजिरी पदर आणि त्या विटलेल्या ओढण्या एका ओळीत. नामदेव केळी छातीशी धरून रडत होता.

काशिनाथशेठ मंचावरून खाली उतरले. पोट सांभाळत आले आणि हात जोडून म्हणाले, "अम्मा, माफ करा. पण आमची लडकी, तिने तुमच्यासाठी केलं काय?" शेठजींना ते ठाऊक होतं, पण सांगायची बंदी त्यांना होती, अम्माला नव्हती. आणि अम्माने सांगितलं. तिच्या तुटक्या हिंदीत, मध्येच सिंधीत जाऊन, पुन्हा परत येऊन. कढया, लोटा, गफूरचाचा, "मैं मर गई तो तू मत पीना," सगळं. सुनेची शेवटची अंघोळसुद्धा. "मेरी बहू को इसने बेटी के माफ़िक नहलाया. मेरे पास दूसरा कोई नहीं था." सगळी सभा ऐकत होती, आणि पहिल्या रांगेत बापूसाहेबही ऐकत होते. मी अण्णांकडे पाहिलं. ते मंचावर एकटेच उरले होते आणि आपल्याच हातांकडे बघत होते.

रात्री जेवण झालं. बापूसाहेबांनी मांड्यांची स्तुती केली, दुसऱ्यांदा मागून घेतला. हात धुऊन ओसरीवर टेकले, सुपारी कातरली आणि मोठ्या मनाने म्हणाले, "हेडमास्तर, झालं गेलं. तरुण वय आहे, दया येते, माणूस वाहवत जातं. मी ते पोटात घालतो. आमच्या घरी एवढंच, की लग्नानंतर हे प्रकार बंद. शिक्षण पुष्कळ झालं. आणि त्या कढईच्या पाण्याबद्दल एक लहानसं प्रायश्चित्त करून टाकू, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको." मी आणि आत्या दाराआड होतो. आत्याने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुसऱ्या दिवशी तिथे तिच्या बोटांचे वळ होते. अण्णांनी आजवर मोठ्या माणसाचा शब्द खाली पडू दिला नव्हता. आताही ते सावकाश, शाळेत बोलतात तशा शुद्ध मराठीत बोलले. "बापूसाहेब, तुम्ही पोटात घालावं असं माझ्या बहिणीने काही केलेलं नाही. केलं असेल तर मी. मी तिचं अर्धं काम लपवून तुम्हाला तिला दाखवत होतो. आता पूर्ण बघितलीत. ती जशी आहे तशी हवी असेल तर माझे हात जोडलेले आहेत. कमी करून मला ती कुणालाच द्यायची नाही." बापूसाहेब उठले. रागावले नाहीत, पण स्टेशनवर जायला टांगा लगेच मागवायला सांगितला, आणि खंडव्याची गाडी यायला पुष्कळ वेळ होता तरी गेले.

अण्णा आत आले. आत्यापुढे उभे राहून म्हणाले, "यमू, मी तुझं लग्न मोडलं." वाटलं होतं ती रडेल. ती म्हणाली, "बरं केलंस. आता मला वाढा. होणारी नवरी म्हणून सकाळपासून मला कुणी धड खाऊ दिलं नाहीये." आईने पुढ्यात मांडा टाकला आणि लुगड्याने डोळे पुसत म्हणाली, "खाय बाई, पोटभर खाय. नागपूरले असे कोठी भेटतात?" म्हणजे नागपूरला जायचं हे आईने ठरवूनच टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा शाळेच्या वेळेआधीच तयार झाले. धोतर, कोट, काळी टोपी. मला म्हणाले, "शकू, लालबागेची वाट दाखव." आत्या झोपली होती, तिला उठवू नको म्हणाले. दर सुट्टीत तिथे त्यांची बहीण जात होती, पण त्यांनी ती शेड आतून कधी पाहिली नव्हती. वाटेत नेहमीप्रमाणे लोक नमस्कार करत होते, अण्णा नुसती मान हलवत होते. शेडच्या दाराशी आल्यावर मात्र त्यांचं पाऊल अडलं. आत चेतीअम्मा पापडाचं पीठ मळत बसली होती. दारातला कोट आणि टोपी तिला अंधुक दिसली असणार. तिने घाईघाईने हात पुसले, डोक्यावर ओढणी घेतली आणि उठून उभी राहिली. त्या माणसांच्या दारात कोट घातलेलं कुणी आलं की ते सरकारचंच असायचं. "साहब, हमारा कार्ड पक्का है," ती म्हणाली, "पहले भी दिखाया."

"मैं सरकार का आदमी नहीं हूँ," अण्णा म्हणाले. त्यांची हिंदी पुस्तकी, आणि त्या दिवशी तीही अडखळत होती.

"फिर कौन?"

गावात अण्णांना स्वतःची ओळख सांगायची सवय नव्हती. ते टोपी काढून हातात घेऊन उभे राहिले. "मैं... यमू का भाई हूँ."

चेतीअम्मा पुढे आली. तिने पिठाचे हात त्यांच्या चेहऱ्यावरून फिरवले, कपाळ, नाक, हनुवटी. मग दोन्ही हातांनी त्यांचे खांदे धरले आणि म्हणाली, "तो पुट, इतने दिन बोला क्यों नहीं?"

"बोलायला हवं होतं," अण्णा मराठीतच म्हणाले.